पाच फेरे, नऊ मीटर

आमच्या गाडीला एक नंबर मोठे टायर बसवायचे, असं नवऱ्याने ठरवलं तेव्हा मी आडवी आले. मी आडवी येणं ही आमच्या घरात काही बातमी नव्हती. सहा वर्षं त्याच मापाच्या टायरांवर ती गाडी सिंगापूरमधल्या सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटपासून मुलीच्या शाळेत, बंदराजवळच्या त्याच्या ऑफिसात, शनिवारी लिटिल इंडियात नारळ-कोथिंबीर आणायला मुकाट जात होती. टायर झिजले होते, बदलायला हवेच होते. पण मोठे कशाला?

"शाळेच्या गेटातल्या उंचवट्यावर गाडीचं पोट घासतं," तो म्हणाला.

"सहा वर्षं घासलं नाही ते?"

"आता पोरगी जड झालीय."

पोरगी दहा वर्षांची, उदबत्तीच्या काडीएवढी. मी हसले आणि विषय तिथेच सोडला. सोडायला नको होता, हे आता कळतं.

नवरा मरीन इंजिनिअर. वीसेक वर्षं जहाजांवर काढली, चीफ इंजिनिअर झाला, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर कंपनीच्या सिंगापूरच्या ऑफिसात जमिनीवर उतरला. जहाजावर सगळे त्याला चीफ म्हणायचे. लग्नानंतर दोन वर्षं मी त्याच्याबरोबर जहाजावर राहिले तेव्हा मीही तेच उचललं, आणि मग ते तोंडातून गेलंच नाही. सासूबाईंना ते अजिबात आवडायचं नाही. नवऱ्याला हुद्द्याने हाक मारतात का, म्हणायच्या.

टायरवाला आंग मो किओच्या कारखान्यांच्या वसाहतीत होता. अर्ध्या चड्डीतला चिनी अंकल, कानामागे पेन्सिल. चीफने खिशातून स्वतःची स्टीलची टेप काढून टायर मोजायला घेतला तेव्हा अंकलने माझ्याकडे पाहिलं. असं गिऱ्हाईक मला का दिलंस, अशा नजरेने.

"सेम साइज बेटर लाह," तो इथल्या सगळ्यांसारखं वाक्याला 'लाह' जोडून म्हणाला. "यू पुट बिग वन, युअर मीटर राँग."

"हाऊ मच राँग?"

"लिटल बिट ओन्ली. बट एव्हरी डे राँग."

चीफ टेप गुंडाळत होता. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. गिऱ्हाइकाला दोष सांगितला की ते बिचकतं. हा मात्र सुटल्यासारखा दिसला. परीक्षेत एखादा प्रश्न रद्द झाल्याचं कळल्यावर पोरं दिसतात तसा. मी लग्नाआधी शाळेत गणित शिकवायचे, ते चेहरे मला पाठ आहेत.

घरी आल्यावर त्याने जेवणाच्या टेबलावर वाटी आणि ताटली गडगडवून मुलीला सगळं समजावलं. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते. पण मीटर बिचारा फेरेच मोजतो, त्याला चाक बदलल्याचं माहीतच नसतं. म्हणून रस्ता तेवढाच राहतो आणि मीटर कमी दाखवतो. शंभराला अडीच कमी. शाळेपर्यंतचे आठ पूर्णांक चार किलोमीटर आता आठ पूर्णांक दोन दिसतील.

मग आम्ही तिघं खाली मल्टिस्टोरी कारपार्कच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो. त्याने टायरला खडूची खूण केली, तिच्या खाली जमिनीवर एक रेघ मारली, गाडी न्यूट्रलला टाकली आणि उघड्या दाराला खांदा लावून ढकलत पाच फेरे मोजले. पाचवा फेरा संपला तिथे दुसरी रेघ मारली आणि टेप लावली. बरोबर नऊ मीटर. शेजारच्या ब्लॉकमधली एक चिनी आंटी ट्रॉली घेऊन चालली होती, ती थांबून बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॅडम, लिहा," चीफ म्हणाला. "पाच फेरे, नऊ मीटर."

ही लिहिण्याची भानगड सांगायला हवी. गाडीच्या कप्प्यात एक वही असे. जहाजावर रोज दुपारी बाराला इंजिनवाले एक हिशेब मांडतात. जहाजाचा पाण्यातला पंखा जेवढा फिरला त्यावरून जहाज किती मैल जायला हवं होतं आणि खरोखर किती गेलं. त्या दोन आकड्यांमधल्या फरकाला स्लिप म्हणतात. समुद्र आडवा आला की स्लिप वाढते, पाठीशी असला की घटते. चीफने ही सवय गाडीलाही लावली होती. रोज सकाळी घर ते शाळा, शाळा ते ऑफिस, संध्याकाळी ऑफिस ते घर, तिन्ही आकडे तो वहीत लिहायचा. रविवारी चहाबरोबर मी ती वही तपासायचे आणि शेवटी सही करायचे. जग वर्तमानपत्र वाचतं, आम्ही हे वाचायचो. लॉगमध्ये खोटा आकडा लिहिणारा माणूस जहाजावर ठेवू नये, हे त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं.

पहिल्या रविवारी शाळेचा आकडा सगळे दिवस आठ पूर्णांक दोन होता. मला गंमत वाटली. गणित असं सरळ खरं ठरताना क्वचितच दिसतं.

त्याच सुमाराला धूर आला. ज्यांनी ते वर्ष सिंगापुरात काढलं त्यांना आठवत असेल. समुद्रापलीकडे सुमात्रात जंगलं पेटली होती आणि त्यांचा धूर आठवडेच्या आठवडे आमच्यावर बसून होता. दुपारी दोन वाजता समोरचा ब्लॉक दिसायचा नाही, नुसते दिवे दिसायचे. वाळत घातलेल्या कपड्यांना चुलीचा वास. पक्षी गप्प झाले होते. सूर्याकडे डोळे न मिचकावता बघता यायचं आणि कुणीच तसं बघत नसे.

वहीतले आकडे तेव्हाच बिघडायला लागले. शाळेपर्यंतचा आकडा जागच्या जागी होता, आठ पूर्णांक दोन, एक दशांश इकडे की तिकडे नाही. पण त्याच्या पुढचे दोन फुगत चालले. ऑफिस ते घर एरवी सतरा भरायचे, ते एकवीस झाले, मग सव्वीस. एका मंगळवारी एकेचाळीस.

"हे काय?" मी विचारलं.

"टायर," चीफ वर न बघता म्हणाला. "आणि धुरात वळण चुकतं."

आणि मी सही केली. मला स्वतःचा राग येतो तो इथे. मी गणिताची बाई. मोठ्या टायरने आकडा कमी व्हायला हवा, वाढायला नको, हे वाटी-ताटलीवरून दहा वर्षांच्या पोरीला कळलं होतं. पण आमच्या घरात स्लिप हा शब्द इतका मुरला होता, की आकडा जुळला नाही तर आम्ही माणसाकडे बघायचोच नाही, समुद्राकडे बघायचो. टायर नवे होते, सगळं त्यांच्या माथी मारणं सोपं होतं.

मग एके दिवशी गाडीत काही शोधताना ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटवर वाळू दिसली. बारीक, ओलसर, आणि तिच्यात सुरूच्या झाडाच्या काड्या. सुरू म्हणजे समुद्रकिनारा. त्याचं ऑफिस बंदराजवळ असलं तरी तिथे वाळू नाही, सगळं काँक्रीट. मॅट उचलली तर खाली पार्किंगची कुपनं. तेव्हा गाडी लावताना कुपनावरचे तारखेचे आणि वेळेचे तुकडे फाडून ते काचेमागे ठेवावं लागे. कुपन वेळ सांगतं, जागा सांगत नाही. अकरा कुपनं होती. सगळी दुपारची, तो ऑफिसात असायच्या वेळची.

मनात यायचं ते आलंच. दुसरी बाई. मी ती कुपनं जशीच्या तशी मॅटखाली ठेवली, घरी येऊन कणीक मळली आणि ती बाई कशी दिसत असेल याचा विचार करत बसले. आज वाटतं, असती तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

त्याच आठवड्यात मी सकाळी गाडीतली छत्री आणायला कारपार्कमध्ये गेले. तो मुलीला घेऊन निघून गेला असेल असं वाटलं होतं, म्हणजे गाडी नसणार हे मला सुचायला हवं होतं. पण त्या धुराने माणसाचं डोकं धड राहत नसे. आमची जागा रिकामी होती. आणि जमिनीवर रेघा होत्या.

महिन्यापूर्वीची ती एक रेघ नव्हे. रेघेवर रेघ, रेघेवर रेघ, इतक्या की खडूचा जाड पांढरा पट्टा झाला होता. हाताला लागेल असा. नऊ मीटर पलीकडे तसाच दुसरा पट्टा. कुणीतरी रोज येऊन, गुडघे टेकून, अगदी त्याच जागी पुन्हा मारलेला. कारपार्कच्या उघड्या बाजूंनी धूर आत येत होता आणि जमिनीलगत सरकत होता. मी दोन पट्ट्यांच्या मधोमध उभी होते आणि मला तिथून हलायची भीती वाटली.

मागे ट्रॉलीची चाकं वाजली. ती चिनी आंटी.

"युअर हजबंड," ती हळूच म्हणाली. "एव्हरी मॉर्निंग ड्रॉ. आय से गुड मॉर्निंग, ही डोन्ट नो मी. ही काउंट ओन्ली."

मी घरी आले आणि त्याला काही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर येईल, ही भीती.

उत्तर दुसरीकडूनच आलं. धुरामुळे मुलीला खोकला झाला, रात्रभर खोकली. सकाळी मी म्हटलं, आज शाळा नाही. एरवी आनंदाने उड्या मारणारी पोर रडायला लागली. बूट घालून दारात बसली.

"कान्ट, आई. आय मस्ट गो लाह."

"टेस्ट आहे का?"

"नो टेस्ट. बट इफ आय डोन्ट गो, हू विल पायलट पापा?"

चीफ आंघोळीला गेला होता. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिला हळूहळू बोलतं केलं. मोठं जहाज बंदरात शिरताना बाहेरून एक पायलट चढतो, तो वाट दाखवतो, कप्तान कितीही मोठा असला तरी त्याचं ऐकतो, हे पापाने तिला सांगितलं होतं. गाडीतली पायलट ती. कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे, कुठली लेन, सगळं ती सांगायची आणि तो, जहाजावर हुकूम झेलताना म्हणतात तसं, "आय, पायलट" म्हणून वळवायचा. गेल्या शाळेच्या सुट्टीआधीपासून.

"गंमत म्हणून?" मी विचारलं.

ती मराठीत बोलली, जे ती फक्त फार गंभीर झाली की करायची. "आधी गंमत होती. आता मी नाही सांगितलं तर तो सिग्नलला तसाच थांबतो. हिरवा झाला तरी. मागचे हॉर्न मारतात."

आठ पूर्णांक दोन. रोज, एक दशांश इकडे की तिकडे नाही. तो आकडा चाकाचा नव्हता, माझ्या पोरीचा होता. सिंगापूरच्या सकाळच्या रहदारीत, धुरात, ती दहा वर्षांची मुलगी आपल्या बापाला शाळेत पोहोचवत होती. मी त्या दिवशी दोघांनाही घरी ठेवलं. त्याला काय कारण सांगितलं ते आठवत नाही. बहुतेक ओरडले असेन.

त्या शनिवारी मुलीला शेजारी सोडून मी त्याच्याबरोबर गाडीत बसले. ठरवलं होतं, एक शब्द बोलायचा नाही. लिटिल इंडियात जाताना ठीक गेलो, तो रस्ता सरळ आहे. भाजी घेतली. परत येताना आमच्या ब्लॉकचं वळण आलं आणि गेलं. तो आरामात चालवत होता, बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरून. गोल फिरून पुन्हा तेच वळण आलं. पुन्हा गेलं. आमच्या गॅलरीत माझी पिवळी साडी वाळत होती, ती मला धुरातून दिसली. तिसऱ्यांदा आम्ही तिच्यासमोरून गेलो तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं, कुणाच्याही साडीकडे पाहावं तसं, आणि पुढे निघाला. मी दरवाजाची कडी घट्ट धरली होती. त्याची भीती वाटत नव्हती. त्याच्या जागी कोण गाडी चालवतंय हे कळत नव्हतं, त्याची वाटत होती.

शेवटी आम्ही समुद्रावर पोहोचलो. त्याने गाडी लावली, कुपनाचे तुकडे सराईतपणे फाडले आणि ते काचेमागे ठेवलं. सुरूची झाडं होती. वाळू होती. समुद्र नव्हता, म्हणजे असणार, पण पाण्याच्या कडेपासून पुढे सगळं पिवळट राखाडी. आत कुठेतरी नांगर टाकून उभी असलेली जहाजं भोंगे देत होती, एक वाजलं की दुसरं.

"इथे आलो की कळतं," चीफ म्हणाला. "जहाजं नांगरावर ज्या बाजूला तोंड करून उभी असतात त्यावरून प्रवाह कळतो. बंदर कुठे, ऑफिस कुठे, तू कुठे, सगळं मांडता येतं. आता तीन आठवडे तीही दिसत नाहीत."

मी रडत होते. बाई नाही म्हणून रडत होते, यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही.

"कधीपासून?"

"टायरच्या आधीपासून."

"आणि टायर?"

"तू वही तपासतेस. आकडे जुळेनासे झाले असते, तुला पहिल्यांदा कळलं असतं. मीटरच चुकीचा असला तर तू मीटरवर संशय घेशील, असं वाटलं."

म्हणजे त्याने ते टायर रस्त्यासाठी घेतलेच नव्हते, माझ्यासाठी घेतले होते. वीस वर्षांत लॉगमध्ये खोटा आकडा न लिहिलेल्या माणसाने आकडे खरेच लिहिले, फक्त मोजणारं यंत्रच बदलून टाकलं. आणि वाढलेला आकडा टायरमुळे आहे असं म्हणताना, तो कमी व्हायला हवा होता हे त्यालाही आठवलं नव्हतं.

"खडूच्या रेघा?" मी विचारलं.

"रोज सकाळी मोजतो. पाच फेरे, नऊ मीटर. एवढं रोज येतंय. एवढं येतंय तोपर्यंत मी आहे."

मी डोळे पुसले आणि भांडले. मला तेच येतं. पोरगी या गाडीत तुझ्याबरोबर पुन्हा बसणार नाही, म्हटलं. सोमवारपासून स्कूल बस. त्याच दिवशी डॉक्टर. तो सगळ्याला हो म्हणाला. एकच मागितलं. गाडीची किल्ली लगेच घेऊ नकोस. रविवारी सकाळी रस्ते रिकामे असतात, तेव्हा तू शेजारी बसून एक चक्कर. फक्त नऊ येतंय तोवर.

"आणि नाही आलं तर तू मला सांगशील?"

"नाही आलं ते मलाच कळेल कशावरून?" तो म्हणाला. "तू बघ. रोज बघ. आणि वहीत खरं लिही."

परतीच्या वाटेवर मी पायलट झाले. "आय, मॅडम," तो म्हणाला आणि प्रत्येक वळण अचूक घेतलं.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते सांगायला त्यांनी फार वेळ घेतला नाही. माझ्या नवऱ्याचं वय तेव्हा एकोणपन्नास होतं. ऑफिसने रजा दिली. मुलगी बसने जायला लागली, आणि रोज सकाळी निघताना त्याला विचारायची, "पापा, टुडे नाइन?" तो अंगठा वर करायचा. मग तो खडू आणि टेप घेऊन खाली जायचा, आणि तो परत आल्यावर मी जाऊन रेघ बघायचे. पांढऱ्या पट्ट्यावर आणखी एक रेघ. रोज. मी वर येऊन वहीत लिहायचे, नऊ. पावसाने धूर धुऊन नेला, समोरचा ब्लॉक पुन्हा दिसायला लागला, आणि मला वाटलं हे असंच चालेल. माणूस किती मूर्ख असतो.

दिवाळीनंतरची एक सकाळ. तो वर आला, हात धुतले, किल्ली नेहमीच्या वाटीत टाकली आणि पोह्यांच्या बशीसमोर बसला.

"नऊ," तो म्हणाला. खूश होता.

मी गाडीची दुसरी किल्ली घेऊन खाली गेले. पलीकडचा पट्टा तसाच होता, पण त्यावर ताजा खडू नव्हता. नवी रेघ पट्ट्याच्या बरीच अलीकडे होती, एकटी, सरळ, गुडघे टेकून काळजीपूर्वक मारलेली. गाडी तिच्यावर उभी होती, टायरवरची खूण बरोबर तिला टेकलेली. मी टेप लावली. सात मीटर वीस. पाचातला एक फेरा त्याच्या हातून कुठेतरी गेला होता. मी पुन्हा मोजलं. मग गाडी मागे ढकलून, खांदा लावून, मोठ्याने आकडे म्हणत मी स्वतः पाच फेरे मोजले, चाक तरी बदललं असेल अशी आशा धरून. नऊ मीटर आले. ती आंटी ट्रॉली घेऊन तिथे उभी होती.

लिफ्टमध्ये मी ठरवलं होतं, नऊच लिहायचं. कुणाचं काय जाणार आहे? पण टेबलावर वही उघडली, त्याच्या हातचे ते सगळे आकडे दिसले, आणि मला नाही जमलं. मी तारीख घातली आणि लिहिलं, सात पूर्णांक वीस. वाटीतली किल्ली उचलून माझ्या पर्समध्ये टाकली. ती खडखडली, तेव्हा त्याने वर पाहिलं.

मी वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने तो आकडा वाचला, खूप वेळ वाचला, बोटाने वरच्या ओळीपासून खाली येत. पोहे गार झाले. मग त्याने पेनासाठी हात पुढे केला आणि माझ्या आकड्याखाली, रविवारी मी जिथे करायचे तिथे, सही केली. सही नेहमीसारखीच होती, एक टिंबही चुकलं नव्हतं.